आईंची बीपीची गोळी, पायांवरची सूज आणि सर्पगंधा

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो, म्हणजे काही चुकत असेन तर लक्षात येईल. आई ५८ वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी बीपी १५८/९६ निघालं, दोन-तीनदा तपासूनही तेवढंच आलं, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅमलोडिपिन ५ ची रोज एक गोळी सुरू केली. आता बीपी १४०च्या आसपास असतं, पण संध्याकाळपर्यंत घोट्यांवर सूज चढते आणि चपलेचा पट्टा रुततो. त्यात शेजारच्या काकूंनी सर्पगंधेचं चूर्ण आणि अर्जुनसाल सुचवली. 'ही गोळी एकदा लागली की जन्माची' हे आईंच्या मनात पक्कं बसलंय आणि पुढच्या महिन्यापासून त्या गोळी बंद करणार आहेत. तुम्ही विचारताय की कोणती वनस्पती, किती घ्यायची आणि गोळी कधी सोडायची.

मी आयुर्वेदाचा वैद्य. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षं दवाखाना चालवतोय. आमच्याच रस्त्यावर एक एमडी फिजिशियन आहेत, आणि बीपीचे बरेचसे पेशंट आम्ही दोघं मिळून बघतो. वनस्पती माझ्या रोजच्या हातातल्या आहेत, त्यांचा गुण मी पाहिलाय. तरीही तुम्हाला पहिली गोष्ट हीच सांगेन की आईंना स्वतःहून गोळी बंद करू देऊ नका.

तुमच्या पत्रात मला दोन वेगळ्या अडचणी दिसतात. एक पायांची सूज, दुसरी 'जन्माची गोळी' ही धास्ती. वनस्पतीचा विचार या दोन्हींतून सुटका म्हणून पुढे आलाय. म्हणून आधी त्या दोघींकडे बघू.

सूज ही अ‍ॅमलोडिपिनची नेहमीची तक्रार आहे. ही गोळी धमन्यांची बारीक टोकं सैल करते, पण परतीच्या शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि थोडं पाणी बाहेर ऊतींत झिरपतं. दिवसभर उभं राहिलं की ते घोट्यापाशी साचतं, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात जास्तच. बायका घाबरतात की किडनी गेली. तसं सहसा नसतं, तरी एकदा लघवीची आणि क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची, तपासणी करून घ्यावी. सूज एकाच पायावर असेल, दुखत असेल किंवा चालताना धाप लागत असेल, तर मात्र ती या गोळीची सूज समजू नका, लगेच दाखवा. बाकी उपाय सोपा आहे. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना सूज दाखवायची. ते मात्रा कमी करतील, दुसऱ्या गटातली गोळी देतील, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडतील, त्यानं ही सूज बऱ्याचदा उतरतेही. पाच मिनिटांचं काम आहे, पण पेशंट डॉक्टरांना सांगत नाहीत, शेजाऱ्यांना सांगतात.

'जन्माची गोळी' याबद्दल मी पेशंटला असं सांगतो की गोळीची सवय लागत नाही. दाब चढवणारं कारण शरीरात टिकून असतं, म्हणून गोळी टिकते. ते कारण कमी झालं, म्हणजे वजन उतरलं, मीठ घटलं, तंबाखू सुटली, झोप सुधारली, तर गोळीही कमी होते. माझ्याकडच्या काही पेशंटची मात्रा निम्म्यावर आली. अगदी मोजक्या लोकांची गोळी पूर्ण सुटली. त्यांचं बीपी मुळात सीमेवरचं होतं आणि त्यांनी आठ-दहा किलो वजन उतरवलं होतं. बहुतेकांना गोळी लागतेच. आईंचा आकडा १५८/९६ होता, म्हणजे अगदी सीमेवरचा नव्हता. किती कमी होईल हे त्यांचं वजन, साखर, किडनी आणि घरातला इतिहास यांवर अवलंबून आहे, आणि यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यामुळे खूप लोक फसतात. अ‍ॅमलोडिपिन शरीरातून फार हळू जाते. निम्मी गोळी निघून जायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे सोमवारी गोळी बंद केली तरी तिचा परिणाम जवळपास आठवडाभर मागे रेंगाळतो. माणूस सोमवारपासून चूर्ण सुरू करतो, गुरुवारी बीपी मोजतो, १३६ येतं, आणि चूर्णानं गुण दिला असं म्हणून चार घरी सांगतो. दाब चढायला लागतो तो त्यानंतर, आणि तोवर मोजणं बंद झालेलं असतं. दुसरी फसगत अशी की बीपी एका जागी थांबणारी गोष्टच नाही. घाबरलेल्या दिवशी १६० आलं की पुढच्या वेळी ते आपोआप थोडं खाली येतं, मग मधे तुम्ही लसूण खाल्लेला असो की काहीच नसो. श्रेय मात्र लसणाला जातं.

माझ्या सख्ख्या मामांनी असंच केलं. गोळी सोडून सकाळी दुधीचा रस सुरू केला, चौथ्या दिवशी बीपी १३४ निघालं आणि त्यांनी मला मोठ्या आनंदानं फोन केला. मी तेव्हा नवा होतो, दवाखाना सुरू करून दोन वर्षं झाली होती. 'मोजत राहा' एवढंच बोललो. पुढे तीन महिन्यांनी न्हाणीघरात पडले, उजवी बाजू गेली. नंतर अकरा वर्षं जगले, पण डाव्या हातानं जेवले. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात असा नियम आहे की बीपीची गोळी बंद करायची चिठ्ठी मी लिहीत नाही. ज्यांनी सुरू केली त्यांच्याकडे आकड्यांची वही घेऊन पाठवतो. आणि हो, काही गोळ्या अ‍ॅमलोडिपिनपेक्षा जास्त धोक्याच्या असतात. क्लोनिडिन, किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी नाडी मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी, एकदम तोडली तर दाब आणि नाडी उसळून वर येते.

आता सर्पगंधा. शेजारच्या काकूंनी नाव चुकीचं घेतलेलं नाही. या वनस्पतीचा दाबावरचा परिणाम खरा आहे आणि त्याच्या अभ्यासात मुंबईचा मोठा वाटा आहे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिच्या मुळाचा उपयोग लिहून ठेवला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे अनुभव १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले, तेव्हा कुठे पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मुळातून रेसरपिन हे दाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. वाढलेलं बीपी औषधानं खाली आणलं तर माणसं खरंच वाचतात का, याची पहिली भक्कम परीक्षा अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली, तिचा निकाल १९६७ साली आला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या. साधारण दीड वर्षात रिकाम्या गोळ्यांच्या गटात २७ जणांवर मृत्यू, अर्धांगवायू किंवा तसंच गंभीर संकट आलं, औषधाच्या गटात दोघांवर. त्या औषधातल्या तीन घटकांपैकी एक रेसरपिन होतं. म्हणजे आपल्याच मुळीतून आलेलं.

मग मी आईंना सर्पगंधा का सांगत नाही? कारण हीच मुळी काय त्रास देते तेही त्याच काळात कळलं. रेसरपिन मेंदूतल्या आणि नसांच्या टोकांतल्या काही रसायनांचा साठा रिकामा करतं. दाब उतरतो तो त्यामुळे, आणि नाक चोंदणं, सुस्ती, नाडी मंदावणं, जठरात आम्ल वाढणं, मन खचणं हेही त्यामुळेच. साठा भरून यायला दिवस लागतात, म्हणून त्रास झाला आणि आज बंद केलं तरी उद्या सुटका होत नाही. रेसरपिनची रोजची मात्रा मिलिग्रॅमच्या एका अंशाएवढी असते. बाजारातल्या चूर्णात मूळ किती जुनं, कुठलं, कोणत्या ऋतूत काढलेलं, यावर त्याचं प्रमाण बदलतं. चिमूटभर आज आणि चिमूटभर पुढच्या पुडीतून, या दोन चिमटींत एकच औषध असेल याची खात्री कोण देणार?

माझ्याकडे एक किराणा दुकानदार आले होते. मुलानं आणलं म्हणाले, 'बाबा दिवसभर गल्ल्यावर बसून राहतात, गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत, डोळ्यांत पाणी येतं.' नाडीवर बोटं ठेवली आणि माझेच कान टवकारले. घड्याळ लावून मोजली, ४६. अ‍ॅटेनोलॉल आधीपासून चालू होतं, त्यावर तीन महिने रोज दोनदा सर्पगंधा. नैराश्याची गोळी सुरू करायच्या बेतात होते घरचे. मी ईसीजी काढून फिजिशियनकडे पाठवलं, चूर्ण थांबवलं, दोन-तीन आठवड्यांत माणूस पुन्हा हिशोब मागायला लागला. सर्पगंधा मी अजूनही वापरतो, पण निवडक पेशंटला, प्रमाणित गोळीच्या रूपात, थोड्या दिवसांसाठी आणि दर आठवड्याला नाडी बघून. ज्यांना पूर्वी नैराश्य आलंय, अल्सर आहे, कंपवात आहे किंवा नाडी मुळातच मंद आहे, त्यांना अजिबात नाही. घरी डबीतून घ्यायची ही वस्तूच नाही.

मग गोळीच्या जोडीला काय देता येईल? मी ज्या चार गोष्टी वापरतो त्या बहुतेक स्वयंपाकघरातल्याच आहेत, पण त्याआधी एक मोजपट्टी देतो. एका बीपीच्या गोळीनं नेहमीच्या मात्रेत वरचा आकडा सरासरी नऊ-दहानं उतरतो. वनस्पतींवरच्या अभ्यासांतही काही वेळा जवळपास तेवढे आकडे दिसतात, पण ते अभ्यास लहान आणि थोड्या आठवड्यांचे असतात. शिवाय त्यांत फक्त आकडा मोजलेला असतो. लसूण किंवा अंबाडीनं अर्धांगवायू टळतो का, हे कोणी वर्षानुवर्षं तपासलेलं नाही. गोळ्यांच्या बाबतीत ते तपासलंय. म्हणून माझ्या लेखी गोळी पाया आहे आणि वनस्पती जोडीला.

अंबाडीवर माझा सगळ्यात जास्त भर असतो. विदर्भात ती परसात असते, पाल्याची भाजी सगळ्यांना माहीत आहे, पण बीपीसाठी उपयोगी आहेत ती लाल अंबाडीची बोंडं, म्हणजे फुलाखालची लालभडक आंबट पाकळीसारखी दलं. दिवाळीनंतर ती मिळतात. बिया काढून दलं सावलीत वाळवून बरणीत ठेवायची. अमेरिकेत २०१० साली छापलेल्या एका अभ्यासात सौम्य बीपी असलेल्या ६५ जणांपैकी एका गटाला सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला. वरचा आकडा सरासरी सातनं उतरला, तर नुसतं चवीचं पाणी घेतलेल्यांचा एकच्या आसपास. एका कपाला साधारण सव्वा ग्रॅम, म्हणजे चिमूटभराहून थोडी जास्त वाळलेली दलं, उकळतं पाणी ओतून सहा-सात मिनिटं झाकून ठेवायचं. साखर घालायची नाही. आमच्याकडे याचं गोड सरबत करतात, ते चवीला सुंदर लागतं, पण रोज तीन ग्लास साखरेचं सरबत मधुमेह जवळ आणेल. ज्यांना मुतखड्याची खोड आहे, ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे किंवा आम्लपित्ताचा जोर आहे, त्यांना मी एका कपावर ठेवतो किंवा देतच नाही. आणि अंगणातली जास्वंद वेगळी. दोघी एकाच कुळातल्या असल्या तरी अभ्यास अंबाडीवर झालाय.

लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग खायचा. ठेचल्यावर त्यातलं विकर (एन्झाइम) काम करतं आणि अ‍ॅलिसिन हे औषधी द्रव्य तयार होतं. थेट गरम फोडणीत टाकला तर ते विकर मरतं. वाढलेलं बीपी असलेल्यांवरच्या अभ्यासांची बेरीज केली तर वरचा आकडा साधारण आठनं उतरलेला दिसतो, पण त्यातले बरेच अभ्यास लसणाच्या कॅप्सूलवर आहेत. घरी दोन पाकळ्या जेवणासोबत पुरेत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर औषधी मात्रेत लसूण नको, रक्त पातळ होण्यात भर पडते. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आठ-दहा दिवस आधी थांबवून डॉक्टरांना सांगा.

जवसाचं मला विशेष कौतुक आहे, कारण आपल्या चटणीतलं हे साधं तेलबी आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या ११० रुग्णांवर कॅनडात झालेल्या, २०१३ साली छापलेल्या अभ्यासात रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस सहा महिने दिलं, आणि वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सुमारे दहानं, खालचा सातनं कमी राहिला. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात, म्हणून दळणं महत्त्वाचं. ३० ग्रॅम म्हणजे तीन-चार चमचे. चटणी केलीत तर मीठ नावापुरतं घाला, कारण आपली जवसाची चटणी खारट असते आणि त्यात अर्धा फायदा वाहून जातो. पोट फुगत असेल तर एका चमच्यापासून सुरू करा, पाणी भरपूर घ्या, आणि इतर गोळ्या दोन तासांच्या अंतरानं घ्या.

अर्जुनसाल मी देतो, पण बीपी उतरवण्यासाठी म्हणून नाही. आमच्या जुन्या ग्रंथांत ती हृद्रोगाला दुधात शिजवून सांगितली आहे, आणि माझा अनुभव धडधड व हुरहुर कमी होण्याचा आहे. क्षीरपाकाचं माप आम्ही शिकलो ते असं: भरड साल एक भाग, दूध आठ भाग, पाणी ३२ भाग. म्हणजे पाच ग्रॅम सालीला ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी, मंद आचेवर दुधाएवढं उरेपर्यंत आटवायचं. आईंना आवडलं तर घेऊ द्या. बीपीचा आकडा त्यानं हलेल अशी आशा मात्र ठेवू नका.

काही गोष्टी बीपीवर म्हणून सर्रास दिल्या जातात त्या मी थांबवतो. सदाफुलीची पानं चावू नयेत, त्यात पेशींवर काम करणारी तीव्र द्रव्यं असतात. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही गिळू नये. कडू दुधीतल्या विषानं रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत आणि २०११ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं त्याबद्दल सावध केलंय. दुधीची भाजी खुशाल खा, पण फोड आधी चाखून.

वनस्पती सुरू करण्याआधी मी नेहमी विचारतो की आत्ता काय काय चालू आहे. बीपी उतरवणारं शोधण्याआधी चढवणारं काढून टाकावं. आमच्याकडे एक बाई येत, निवृत्त शिक्षिका, भजनी मंडळात गाणाऱ्या. तीन गोळ्या चालू आणि तरी बीपी १६०च्या खाली येईना, पायात गोळे येत. एकदा बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढताना एक छोटी स्टीलची डबी टेबलावर पडली आणि झाकण उघडलं. आत पेन्सिलीएवढ्या काड्या होत्या, टोकं दातणासारखी चघळून फुललेली. ज्येष्ठमध. 'गळा साफ राहतो हो, दिवसभर तोंडात असतो,' म्हणाल्या. रक्तात पोटॅशियम तपासलं तर २.९, म्हणजे बरंच कमी. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन किडनीतलं एक विकर अडवतं. त्यामुळे शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक किडनीला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. काड्या बंद केल्या, पोटॅशियम भरून काढलं, आणि पुढच्या दोन महिन्यांत फिजिशियननी तीनपैकी एक गोळी कमी केली. घसा बसला की दोन-चार दिवस ज्येष्ठमध चालतं. बीपी असलेल्यांनी रोज ते घेऊ नये, मग ते आम्लपित्तासाठी असो की काढ्यात.

तसंच गुडघेदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या की दाब चढतो आणि बीपीच्या काही गोळ्यांचा असर घटतो. सांधेदुखीचं 'शंभर टक्के आयुर्वेदिक' बेनाव चूर्ण तर आणखी वाईट. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि स्टेरॉइडनं बीपी व साखर दोन्ही वाढतात. पाचक म्हणून रोज घेतलेलं लवणभास्कर चूर्ण, नावातच लवण आहे. पोटातल्या गॅसवर पाण्यात फसफसणारी पुडी, तिच्यातही सोडियमच. आणि मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू. आईंच्या वयाच्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारा, पण ओरडू नका.

मीठ किती जातं हे विचारलं तर प्रत्येक जण 'आम्ही कमीच खातो' म्हणतो. म्हणून मी किलोचा पुडा किती दिवसांत संपतो ते विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे चार माणसांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम. चौघांत किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर झालं, आणि त्यात शेव, फरसाण, पाव धरलेलाच नाही. सैंधव घेतलं म्हणजे चालतं असा समज आहे. सैंधवही बहुतांश तेच सोडियम क्लोराइड. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, ते किडनीचा आजार असताना किंवा टेल्मिसार्टन चालू असताना विचारल्याशिवाय वापरू नका. लोणचं, पापड आणि ठेचा यांपैकी ताटात एका वेळी एकच, एवढं जमलं तरी बऱ्याच घरांत आकडा चार-पाचनं हलतो. कोणत्याही चूर्णाआधी मी हे करायला सांगतो.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचं नको. आईंचा दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा आकडा खोटाच वाढवतो. चहा किंवा मिश्रीनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून आणि पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाआधी. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५च्या खाली हवी. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर त्याहून खालचं लक्ष्य देतील.

ही वही सूजेसकट डॉक्टरांना दाखवा, गोळीत काय बदल करायचा तो त्यांना करू द्या, आणि नव्या गोळीवर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मग एक वनस्पती सुरू करा, एकच. तुमच्या आईंसाठी मी अंबाडीच्या चहापासून सुरुवात केली असती, दिवसातून दोन कप, आणि डॉक्टरांना तसं सांगून. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची वही. आकडा हलला नाही तर ती बंद करून जवस. चार गोष्टी एकदम घेतल्या तर गुण कोणाचा आणि त्रास कोणाचा, हे तुम्हाला आणि मलाही कळणार नाही. सरासरी ११०च्या आसपास येऊ लागली, उठताना चक्कर येऊ लागली, तर गोळी कमी करायचा विषय डॉक्टरांकडे काढायची वेळ आली.

घरी असले प्रयोग करूच नयेत अशीही माणसं आहेत. गरोदर बाई, किडनीचा आजार असलेले, हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू येऊन गेलेले, आणि चाळिशीच्या आत बीपी निघालेले. या शेवटच्यांमध्ये किडनी, ग्रंथी किंवा घोरण्याच्या आजारासारखं मागचं कारण आधी शोधावं लागतं. यंत्रावर १८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच असेल आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल किंवा हातातलं बळ गेलं असेल, तर वैद्याला फोन करत बसू नका, १०८ला करा. लक्षण काही नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. बीपी कायमचं बरं करतो अशी जाहिरात आईंच्या मोबाइलवर आली असेल तर त्यांना सांगा की औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या केंद्रीय कायद्यात रक्तदाबाचं नाव लिहिलेलं आहे. अशी जाहिरात करायलाच त्या कायद्यानं मनाई आहे.

आईंशी बोलताना 'गोळी सोडू नकोस' एवढंच म्हणू नका, त्यांना ते पुरणार नाही. सूज दाखवायला तुम्ही सोबत जाणार आहात असं सांगा, आणि जाताना दोन्ही पावलांचा संध्याकाळचा फोटो काढून न्या, कारण सकाळच्या ओपीडीत सूज उतरलेली असते आणि डॉक्टरांना ती दिसत नाही. पुढच्या शनिवार-रविवारी गावी गेलात तर यंत्र घेऊन जा, पहिले दोन दिवस स्वतः बसून मोजा, आणि वहीत त्यांच्याच हातानं लिहून घ्या. काकूंनी दिलेली सर्पगंधेची पुडी घरात असेल तर ती तेवढी परत येताना घेऊन या. आणि आठवड्याभराची वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे आकडे जमले की मला कळवा. अंबाडी द्यायची की नाही हे मी ते बघूनच सांगेन.